लोखंडी नांगराचे कारखानदार कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

देवळाचा जीर्णोद्धार म्हटले की कोणी पैसा देतो, कोणी दगड-वाळू वाहण्यास गाडीबैल देतो, तर कोणी आठ दिवस अंगमेहनत करतो. प्रत्येकाची देणगी वेगळी असली तरी वहीत सर्वांची नावे एकाखाली एक येतात. आपल्या बापजाद्यांच्या काळी गावचा सारा व्यवहारच अशा रीतीने चालत असे. रोख पैसा फार थोडा होता. धान्य, बैल, श्रम व शब्द यांवर देणेघेणे होत असे. अशा काळात या मुलखात एक गृहस्थ लोखंडाचा नांगर विकण्यासाठी उभे राहिले. त्यांचे नाव लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर. औंधास सभामंडपाच्या बांधकामाच्या निमित्ताने ते इकडे आले आणि पुढे इकडचेच झाले. आजच्या सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात त्यांच्या नावाची वाडी व रेल्वे स्टेशन आहे. त्यांचे चरित्र तरुण पिढीस ठाऊक असावे म्हणून येथे थोडक्यात दिले आहे.

जन्म व शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही हेच जन्मगाव. लक्ष्मणरावांचे वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलानेही तोच मार्ग धरावा अशी घरची अपेक्षा होती. परंतु लक्ष्मणरावांचे मन पोथीपेक्षा चित्रे काढण्यात व यंत्रे न्याहाळण्यात अधिक रमे. वडीलबंधू रामूअण्णा यांनी त्यांची बाजू घेतली आणि सन १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दैव आडवे आले. काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना ओळखू येत नाही, असे दोन वर्षांनी लक्षात आले. चित्रकाराच्या धंद्यास ही मोठीच उणीव होती. दुसरा कोणी असता तर गावी परत गेला असता. लक्ष्मणरावांनी रंगाची चित्रे सोडली व रेघांची धरली. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात ते तरबेज झाले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. फावल्या वेळी ते कारखान्यात जाऊन यंत्रे खोलून जोडीत असत आणि अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक मासिके वाचीत असत.

सायकलीचे दुकान

याच काळात, म्हणजे सन १८८८ मध्ये, दोघा भावांनी बेळगावात सायकलीचे दुकान काढले. किर्लोस्कर बंधू या नावाचा आरंभ तेथून झाला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन पाठवीत व रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. त्या काळी एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये असे. ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. गिऱ्हाईक मोजकेच होते, ते म्हणजे साहेब, वकील व जहागीरदार. सायकल विकून काम संपत नसे, ती चालवायला शिकवावी लागे. त्याचे १५ रुपये वेगळे घेत. नवी वस्तू विकायची तर ती वापरायला शिकवणे हाही विक्रीचाच भाग असतो, हा धडा लक्ष्मणराव येथे शिकले. पुढे नांगराच्या वेळी तो उपयोगी पडला.

मुंबईच्या नोकरीत त्यांना बढती मिळायची होती. ती डावलून दुसऱ्या एका अँग्लो-इंडियन माणसास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास भावाकडे आले. तेथे छोटासा कारखाना काढून त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर सन १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला.

नांगर कोणी घेईना

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. पहिला नांगर विकण्यास दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष भिनते व काळी आई नापीक होते असा शेतकऱ्यांचा समज होता, हे कारण नेहमी सांगितले जाते. ते खरेच आहे. परंतु तेवढ्यावरून आपल्या वाडवडिलांना अडाणी ठरविणे बरोबर होणार नाही. त्यांचा व्यवहार कसा होता हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची अडचण समजते.

त्या काळी नांगर ही विकत घेण्याची वस्तूच नव्हती. रानातली बाभळ तोडायची व सुताराच्या कामठ्यावर नेऊन टाकायची. सुतार तिच्यातून नांगर, कुळव, पाभर घडवून देई. लोहार फाळ शेवटून देई. त्यांना पैसे द्यावे लागत नसत. सुगीत खळ्यावर धान्य तयार झाले की सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट वगैरे बलुतेदार येत व आपला ठरलेला वाटा नेत. पीक चांगले आले तर त्यांनाही चांगले, दुष्काळ पडला तर सगळेच उपाशी. नांगर मोडला तर हाकेच्या अंतरावर सुतार असे. कारखान्याचा नांगर मोडला तर बेळगावास कोणी जायचे, हा प्रश्न विष भिनण्यापेक्षा मोठा होता.

दुसरी अडचण रोकड्याची. शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकदाच पैसा येई. कृष्णाकाठी गूळ विकला की, किंवा शेंगा व हळद बाजारात गेली की आडत्याकडून पट्टी मिळे. त्यातून सरकारसारा भरायचा, सावकाराचे व्याज द्यायचे, लग्नकार्य उरकायचे. उरलेच तर बैल घ्यायचा. सन १८९६-९७ चा व त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ लोकांनी नुकताच सोसला होता. हजारो गुरे चाऱ्यावाचून मेली होती. अशा वेळी हाती चार पैसे आले तर मनुष्य बैल घेईल, की कधी न पाहिलेले लोखंड घेईल?

तिसरी अडचण कागदाची. कागदावर अंगठा उठविला की जमीन जाते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. सन १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जरोखे काढून जाळले. त्याचे लोण शिराळा भागातील कुकरूड गावापर्यंत आले होते. पुढे सन १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तरीही उधारीने वस्तू घेण्याची भीती मनातून गेली नव्हती.

बैलाचा सौदा मात्र शेतकरी बिनधास्त करी. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या, म्हसवडच्या, पुसेगावच्या यात्रेत खिलारी बैलांचा मोठा बाजार भरे. घेणारा व विकणारा उपरण्याखाली हात घालून बोटे धरीत व दर ठरवीत. दात पाहायचे, चाल पाहायची, जुंपून बघायचे आणि मग इसार द्यायचा. तेथे कागद नसे, पण देवाच्या दारातला शब्द कोणी सहसा मोडीत नसे. थोडक्यात, आपला शेतकरी विकत घेण्यास भीत नव्हता. जे जुंपून पाहता येत नाही ते घेण्यास तो भीत होता.

जुंपून दाखविणे

लक्ष्मणरावांच्या हे ध्यानात आले. त्यांनी नांगर दुकानात मांडून ठेवण्याऐवजी रानात नेला. नांगर घेऊन माणसे गावोगाव जाऊ लागली. शेतकऱ्याच्याच शेतात, त्याचेच बैल जुंपून, त्याच्यादेखत दोन-चार तासे काढून दाखवावयाची, अशी पद्धत पडली. जत्रांत व शेतकी प्रदर्शनांतही नांगर चालवून दाखविला जाई.

दाखविण्यासारखे त्यात होतेच. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण माती पलटी करीत नाही. काळ्या रानात हरळी व कुंदा माजला की त्याची मुळे खोल जातात. ती काढण्यास जड लाकडी नांगराला चार-सहा जोड्या जुंपाव्या लागत. एवढे बैल एका घरी नसत. म्हणून शेजारी शेजाऱ्यास बैल देई, व पुढे तो त्याच्या रानात जाई. यालाच सावड किंवा पैरा म्हणत. कोणाच्या रानात सारा गाव बैल घेऊन लोटला तर ती इर्जिक. त्या दिवशी मालकाने सर्वांना जेवण घालावयाचे, मजुरी नाही. लोखंडी नांगराचे वाकडे पाते मातीचा थर उचलून उलटा टाकी. हरळीची मुळे वर येऊन चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळून जात. काम कमी बैलांत व चांगले होई. ज्याने आपल्या रानात एकदा हे पाहिले, त्याला विष भिनण्याची भीती सांगावी लागत नसे व काढावीही लागत नसे.

काळ्या रानाची नांगरट दरवर्षी करीत नाहीत. काही वर्षांतून एकदा नांगरले की मधल्या काळात कुळवावर भागते. म्हणून एकाचा नांगर अनेकांच्या कामी येऊ शकत होता. ज्या शेतकऱ्याने धाडस करून नांगर घेतला तो आपली नांगरट उरकून दुसऱ्याची नांगरट पैशावर किंवा धान्यावर करून देऊ लागला. कोणी चौघांत मिळून नांगर घेतला. त्यामुळे एका गावात एक नांगर गेला की बाकीच्यांनी तो भाड्याने वापरून पाहावा व पुढच्या हंगामात स्वतःचा घ्यावा, असे होत गेले. नांगर गावात रुजला तो अशा शेजारधर्माने.

रोख पैशाची अडचणही हळूहळू थोडी सुसह्य झाली. बी-बियाणे, बैल व अवजारे यांसाठी सरकारी तगाई देण्याचा कायदा सन १८८४ पासून होता. सन १९०४ च्या कायद्याने गावोगाव सहकारी पतपेढ्या निघू लागल्या. सावकाराच्या दारी न जाता अवजार घेण्याची वाट त्यामुळे उघडली. सर्वांनाच ती लाभली असे नाही. ज्याच्या नावावर जमीन होती त्यालाच तगाई मिळे. वाटेकरी व भूमिहीन मजूर बाजूलाच राहिले. गावच्या सुताराचेही यात नुकसान झाले, कारण नांगर करण्याचे त्याचे काम कमी झाले व त्यावर मिळणारे बलुतेही आटू लागले. चांगल्या गोष्टीबरोबर हेही घडले, ते विसरून चालणार नाही.

औंध संस्थान व किर्लोस्करवाडी

धंदा कोठे मार्गी लागत होता, तोच बेळगाव नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा खाली करण्यास सांगितले. कारखाना उचलून न्यावयाचा कोठे, हा प्रश्न पडला. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. बाळासाहेब सन १९०९ मध्ये गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते होते व गुणी माणसाची त्यांना पारख होती. सभामंडपाच्या कामातून लक्ष्मणरावांची सचोटी त्यांनी पाहिलीच होती. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि भांडवलासाठी बिनव्याजी रक्कमही दिली. सावकारी व्याजाच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

जमीन मिळाली ती कशी? फड्या निवडुंगाने भरलेले माळरान, नागांची वस्ती, पाण्याची टंचाई. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव, रामूअण्णा व बरोबरची माणसे तेथे उतरली. निवडुंग तोडून त्यांनी जागा साफ केली, झोपड्या घातल्या व कारखाना उभा केला. वसाहतीची आखणी रामूअण्णांनी केली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी या माळावर संसार थाटला व कामावरच्या माणसांचीही काळजी वाहिली. रेल्वे दारातून जात असल्याने लोखंड व कोळसा आणणे आणि नांगर बाहेर पाठविणे सोपे झाले. बैलगाडीने स्टेशनवर येऊन शेतकरी नांगर घेऊन जाऊ लागले.

माणसे नेमण्याची रीत

नांगर विकण्याइतकीच कठीण गोष्ट म्हणजे कारखान्यात काम करणारी माणसे मिळविणे. त्या काळी गावात माणूस कामावर ठेवणे म्हणजे सालगडी ठेवणे. वर्षाचे ठरलेले धान्य, एक घोंगडी, पायताण, अंगावरचे कापड व थोडी रोकड एवढे त्याला मिळे. पाडव्याला साल संपे व नवे साल ठरे. घेतलेली उचल फिटली नाही तर गडी पुढचे वर्षही त्याच घरी राही. बायामाणसांना रोजावर खुरपणीला बोलावीत व पदरात धान्य घालीत. घड्याळ कोणाकडे नव्हते. दिवस उगवला की काम सुरू, मावळला की बंद.

वाडीत भोंग्यावर काम सुरू होई व महिन्याला रोख पगार मिळे. शेतात वाढलेल्या माणसांना ही शिस्त नवी होती. लक्ष्मणरावांनी त्यांना हाताशी धरून शिकविले. माणूस निवडताना ते परीक्षेचा कागद पाहत नसत. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर हे त्यांचे सुरुवातीचे सोबती. जांभेकरांनी ओतशाळा सांभाळली, रेग्यांनी हिशेब व कचेरी पाहिली. फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले होते, पण यंत्राचे डोके असल्याने तेच वाडीचे इंजिनियर झाले. शाळेने नापास केलेली माणसे वाडीने पास केली असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट पहारेकऱ्यांची. उघड्या माळावरचा कारखाना, आत लोखंड व रोकड, आणि आसपास चोऱ्यादरोड्यांची भीती. अशा ठिकाणी पहाऱ्यास कोणाला ठेवावे? लक्ष्मणरावांनी तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचा पहारा दिला. त्यांना घर दिले, पगार दिला व विश्वास दिला. गावाने ज्यांना दारात उभे केले नसते त्यांच्या हाती साऱ्या वाडीच्या किल्ल्या आल्या. त्या माणसांनी तो विश्वास अखेरपर्यंत राखला. वाडीत शिवाशीव पाळावयाची नाही असाही नियम लक्ष्मणरावांनी घातला. पाणवठ्यावर माणूस माणसाला दूर सारीत होता त्या दिवसांत असा नियम घालणे व तो चालविणे यास मोठे धैर्य लागते.

नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्यांत पुढे महाराष्ट्राला शिरोधार्य झालेले एक नाव आहे. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचे घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. किर्लोस्करांचे नांगर घेऊन भाऊराव खेड्यापाड्यांतून फिरले. शेतकऱ्याच्या दारात बसल्यावर त्यांना नांगराची गरज दिसली तशी अक्षराची गरजही दिसली. हिशेब वाचता न येणारा मनुष्य कसा नाडला जातो हे त्यांनी जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. नांगर विकताना केलेली ती पायपीट अशी लाखो मुलांच्या कामी आली.

तोफांचे नांगर

सन १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायतेहून येणारे नांगर बंद पडल्याने वाडीच्या नांगरांना मागणी वाढली, परंतु लोखंड व कोळसा मिळेनासा झाला. मागणी असून माल करता येईना. लक्ष्मणरावांनी जुने-पुराणे लोखंड गोळा करण्यास सुरुवात केली. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी किल्ल्यावर पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या भट्टीत वितळवून त्यांचे नांगर ओतण्यात आले. ज्या लोखंडाने एके काळी माणसे मारली त्याने आता रान नांगरले जाऊ लागले. दगडी कोळसा मिळेना तेव्हा लाकडी कोळशावर भट्ट्या पेटविल्या, पण काम थांबू दिले नाही.

सन १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी गिऱ्हाईक व विक्रेते यांच्याशी संबंध राहावा म्हणून शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादकत्वाखाली किर्लोस्कर खबर निघू लागली. नांगराची माहिती देण्यास निघालेल्या या पत्राचे पुढे किर्लोस्कर मासिक झाले व सन १९३० मध्ये स्त्री मासिकही निघाले. महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत ती वाचली जात. त्यांचे मूळ शेतकऱ्याच्या नांगरात आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

नांगराबरोबर शेतकऱ्याच्या दुसऱ्या गरजाही वाडीने ओळखल्या. उसाचा रस काढण्याचे लोखंडी चरक, शेंगा फोडण्याचे यंत्र, पाण्याची रहाटगाडगी व सन १९२६ च्या सुमारास पंप तयार होऊ लागले. गुऱ्हाळात पूर्वी लाकडी घाणा असे. त्यात रस पुरा निघत नसे. लोखंडी चरकाने रस वाढला. परंतु दोन-चार बिघे ऊस करणाऱ्यास स्वतःचा चरक व काहील घेणे परवडत नसे. तो हंगामापुरती दोन्ही भाड्याने आणी व गूळ विकल्यावर भाडे चुकते करी. चरकवाला आज या मळ्यात, उद्या त्या मळ्यात असा फिरे. नांगराप्रमाणेच येथेही भाड्याची वस्तू गरिबाच्या उपयोगी पडली.

औंध संस्थानात अशीच दुसरी वाडी म्हणजे कऱ्हाडजवळची ओगलेवाडी. तेथे सन १९१६ मध्ये काचेचा कारखाना निघाला व प्रभाकर कंदील घरोघर गेला. पुढे सातारारोड येथे धनजीशा कूपर यांचाही नांगराचा कारखाना सुरू झाला. एका नांगरास दोन वर्षे गिऱ्हाईक न मिळणाऱ्या मुलखात वीस वर्षांत नांगरांच्या दोन कारखान्यांत चढाओढ लागली. लोकांच्या मनात केवढा बदल झाला हे यावरून कळते.

संकट व अखेर

वयपरत्वे लक्ष्मणरावांनी कारभार मुलांकडे व तरुणांकडे सोपविला. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून आले होते. त्यांनी धंद्याचा विस्तार केला. हरिहर, बंगलोर व पुणे येथे कारखाने निघाले. परंतु लक्ष्मणरावांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग अजून यावयाचा होता. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींचा खून झाला व त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीस आग लावण्यात आली. निवडुंगाच्या माळावर अडतीस वर्षे घाम गाळून उभे केलेले पुष्कळ काही जळाले. त्या वेळी लक्ष्मणरावांचे वय ७८ वर्षांचे होते.

अशा वेळी मनुष्य कडवट होतो व मुलूख सोडून जातो. तसे करण्यास वाडीकरांना कोणी दोष दिला नसता. दुसऱ्या ठिकाणी कारखाने होतेच. तथापि वाडी बंद झाली नाही. राख झाडून कारखाना पुन्हा उभा राहिला व पुन्हा त्याच मुलखातील माणसे कामावर आली. जळाले ते इमारतीचे लाकूड होते. शेतकऱ्याशी जोडलेले नाते त्यात सगळे जळाले नव्हते, म्हणूनच हे शक्य झाले.

औंध संस्थान विलीन झाले. सन १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला व सन १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वीच, २६ सप्टेंबर १९५६ रोजी, लक्ष्मणराव कालवश झाले. त्यांच्या जन्मशताब्दीस २० जून १९६९ रोजी भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आजच्या काळात नांगरटीला ट्रॅक्टर येतो. एकरी किंवा तासाचा दर ठरतो व काम उरकते. बैलजोडी दावणीला असणारी घरे थोडी राहिली आहेत. पण भाड्याचा ट्रॅक्टर बोलाविताना मनुष्य अजूनही प्रथम हेच विचारतो की शेजाऱ्याचे रान त्याने कसे नांगरले. आधी पाहायचे व मग दाम मोजायचे ही आपल्या लोकांची जुनी रीत आहे. लक्ष्मणरावांनी तिला नावे ठेवली नाहीत. तिचा मान राखून त्यांनी आपला नांगर त्यांच्या रानात नेला, दोन वर्षे वाट पाहिली आणि मग विकला. गिऱ्हाइकाचा विश्वास त्यांनी असा मिळविला, आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसावर स्वतः विश्वास टाकून तो फेडला.

मंदिराचे कामही विश्वासावरच उभे राहते. देणारा पावती घेतो व निघून जातो. पुढचे सारे कारभाऱ्यांच्या सचोटीवर असते. एकेका दगडाचा व एकेका रुपयाचा हिशेब चोख राहिला म्हणजे देवाचे काम पुरे झाले असे समजावे. या मुलखात लोखंडाचा नांगर रुजविणाऱ्या त्या थोर पुरुषास या मंगल प्रसंगी विनम्र अभिवादन.